ज्यांच्याविरुद्ध, त्यांच्याच हाती

मी एक अर्ज बोलतोय. साधासुधा नव्हे, अपिलाचा. चार पानं, कोपऱ्यात स्टेपलरची पिन. अमेरिकेतल्या बॉथेल गावी, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या एका चर्चच्या प्रमुखांच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे आणि पार वैतागलोय.

माझी मालकीण नैना. आईबाप मराठी, वाढली इथेच, लग्नाआधीच या चर्चची झाली. नवरा गेल्यापासून ती आणि लेक केया, दोघीच. चर्चच्या प्रमुखांनी लहान मुलांना बंद खोलीत एकटं बसवून खाजगी प्रश्न विचारू नयेत, आईला शेजारी बसू द्यावं, असं नैना उघड बोलली. झालं! प्रमुखांनी बैठक घेऊन तिचं सभासदत्व काढून घेतलं. सभासदत्व नाही तर त्यांच्या मंदिरात, म्हणजे चर्चहून वेगळ्या पवित्र वास्तूत, प्रवेश नाही, आणि केयाचं लग्न तर मंदिरातच ठरलेलं.

मला लिहिलं नैनाच्या संजीवकाकांनी. नागपूरला तीस वर्षं वकिली केलेला माणूस. अपील वरच्या कोर्टात जातं, खालच्या जजचा काय संबंध, असं म्हणत त्यांनी दोन पानं नुसती प्रमुखांच्या पक्षपातावर खर्ची घातली, तारखांसकट. काय खूश होते!

मुदतीच्या शेवटच्या दिवशी नैनाने नियम नीट वाचला. अपील वर, पंथाच्या मुख्यालयात जातं, पण द्यायचं याच प्रमुखांच्या हातात. ते आपला शेरा जोडून पुढे पाठवणार. काकांनी कपाळाला हात लावला.

"अगं, मग हे अपील कसलं?"

पण पुन्हा लिहायला वेळ कुठे होता?

प्रमुखांनी मला दोनदा वाचलं. कान लाल झाले त्यांचे. मग सहा पानी शेरा टाइप केला, मला स्कॅन करून शेऱ्यासकट वर पाठवलं आणि कागद ड्रॉवरमध्ये ढकलला. शेरा नैनाला कुणी दाखवला नाही. अहो, माणूस वाईट नाही हो. पण आपलाच निकाल चुकला असं कोण लिहून देईल? एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात येऊ नये?

काल उत्तर आलं, तेही त्यांच्याकडेच. त्यांनी नैनाला बोलावून एक ओळ वाचून दाखवली. निर्णय कायम. कारण काही दिलेलं नाही.

नैना रडली नाही. म्हणाली, "शनिवारी केयाच्या लग्नाला मी मंदिराबाहेर बाकावर बसेन. तुम्ही?"

"मी आत. केयाने बोलावलंय," प्रमुख म्हणाले.

"मग बाहेर आल्यावर मला सांगा, कशी दिसत होती ते. जसंच्या तसं सांगा."

त्यांनी मान हलवली. म्हणजे लेकीचं लग्नसुद्धा आता तिला त्यांच्याच तोंडून कळणार. मला खुशाल फाडा हो, पण पुढच्या बाईचा अर्ज तरी दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ द्या.