पिवळा कागद

मी खोटं कधी लिहिलं नाही, हे आधी सांगून टाकते. त्यानं जनाची लाज झाकली जाईल कदाचित. मनाची झाकत नाही, बघितलं करून.

आरोग्य खात्याच्या ऑफिसात मी मृत्यूचे दाखले बघते. मरणाच्या प्रत्येक कारणाला एक नंबर ठरलेला आहे, तो टाकायचा. डॉक्टर दाखल्यावर दोन ओळी लिहितात. वर, शेवटी काय झालं. खाली, मूळ आजार. नंबर खालच्या ओळीचा टाकायचा, हा नियम. पण खाली न्यूमोनिया किंवा फ्लू असला की वेगळा पिवळा कागद भरावा लागतो, आणि तो भरायला घरच्यांना फोन करावा लागतो. खोकला किती दिवस होता, दवाखान्यात कधी नेलं, लस घेतली होती का. समोरचा माणूस एकतर रडतो नाहीतर शिव्या घालतो. एका बाईनं मला अर्धा तास सासूच्या चपलांबद्दल सांगितलं, त्या कुणाला द्याव्यात म्हणून. मला काय माहीत? त्या दिवसापासून मी वरच्या ओळीचा नंबर टाकायला लागले. हृदय बंद पडणे. त्यात खोटं काय? मेल्यावर कुणाचं चालू राहतं?

तीन हिवाळे असेच काढले.

साहेबांच्या भिंतीवर पाच विभागांचा नकाशा आहे. जिथं न्यूमोनिया आणि फ्लूनं जास्त माणसं जातात, तो विभाग गडद. आमचा मात्र वर्षागणिक फिका होत गेला, धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखा. साहेबांना वरून शाबासकी आली. त्यांनी मला बोलावून चहा पाजला. मी प्यायले, चांगले दोन कप.

यंदा म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारकडून फ्लूची फुकट लस आली, ती नकाशा बघूनच वाटली. गडद विभागांना आधी. आमच्या वाट्याला चार खोकी आली. माझी मावशी, जिनं आई गेल्यावर मला वाढवलं, दोनदा रांगेत उभी राहून हात हलवत परत आली. मला म्हणाली, "तुझ्या ओळखीनं काही होतं का बघ गं."

"कशाला उगाच टोचून घेतेस?" मी म्हणाले. "आपल्या भागात तो आजार नाहीच. मी रोज बघते ना."

तिनं लगेच मानलं. वर शेजारणींनाही सांगितलं, आमची ऑफिसवाली सांगते म्हणजे खरंच असणार.

नऊ दिवसांच्या खोकल्यात मावशी गेली.

आठवड्यानं तिचा दाखला माझ्याच टेबलावर आला. वर हृदय बंद पडणे, खाली न्यूमोनिया. आणि माझा हात सवयीनं वरच्या ओळीकडे गेला. खरंच गेला. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

शेजारच्या टेबलावरच्या भाऊंना सगळं ठाऊक होतं. ते हळूच म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. हा एक खरा लिहिलास की मागचे सगळे उकरावे लागतील. नोकरी जाईल तुझी."

"आणि नाही लिहिला तर पुढच्या हिवाळ्यातही चारच खोकी येतील," मी म्हणाले.

मी पिवळा कागद काढला आणि घरी फोन लावला. मावशीचे यजमान, आमचे काका, फोनवर आले.

"काका, ऑफिसातून बोलतेय. मावशीबद्दल विचारायचंय. सगळ्यांना विचारतात."

"विचार की."

खोकला, ताप, दवाखाना. त्यांनी दिवस मोजून नीट सांगितलं.

"लस घेतली होती?"

"नाही."

"न घेण्याचं कारण?"

काका अगदी मऊ आवाजात म्हणाले, "माहीत नाही, असं लिही. तुला उगाच त्रास नको, बाळ."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मी लिहिलं, "भाचीनं सांगितलं की गरज नाही." खाली माझं नाव घातलं, सही केली, आणि जुन्या दाखल्यांच्या कपाटाची किल्ली मागायला साहेबांकडे गेले. ते चहा घेत होते.

"बस," म्हणाले. "तुलाही सांगतो एक कप."

"नको," मी म्हणाले, आणि कागद त्यांच्यापुढं ठेवून उभी राहिले.