बारदानाखालची जाळी

“अप्पा, ह्या गाडीचा धूर टोचत न्हाई.”

मित्रांनो, किती वर्षं झाली, पण हा आवाज अजून माझ्यात घुमतो. मला कान नाहीत. पण जिच्या पोटातून आयुष्यभर वारा वाहिला, तिला ऐकायला कान लागत नाहीत.

मी एक जुनी जाळी आहे. ओट्यावरची नव्हे आणि खिडकीचीही नव्हे. एका लाल, बुटक्या, दोन दारांच्या स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली बसून तिचा धूर गाळणारी जाळी. कागदावर माझं नाव लांबलचक आहे. गॅरेजवाले मला ‘कॅट’ म्हणतात. मला मात्र ‘जाळी’ हेच नाव आवडतं, कारण ते मला एका चांगल्या माणसाने दिलं.

बाहेरून पाहाल तर मी नुसती पोलादाची डबी, दोन्हीकडे नळीची तोंडं असलेली. पण आत डोकावून पाहा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक बारीक भोकं, अगणित. दूरदेशीच्या भट्टीत मला भाजलं आणि त्या भोकांना मोलाच्या धातूचा हात फिरवला. माझं काम सोपं होतं. इंजिनातून विषारी धूर यायचा, मी तापायचे, विष माझ्यात मोडायचं आणि मागून निघायचा तो निरुपद्रवी वारा. दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हणून मला कुणी पाहिलं नाही.

माझी पहिली वर्षं पुण्यात गेली, एका छातीच्या डॉक्टरांकडे. त्यांच्याकडे एके दिवशी वडवणीहून ईश्वरप्पा आले. हार्डवेअरचे दुकानदार, कपाळावर भस्माची तीन बोटं आणि कडेवर सात वर्षांची लेक, प्रणिता. पोरगी मोठी, पण चालून दम लागायचा म्हणून कडेवर. तिच्या छातीत बासरी वाजावी तसा आवाज यायचा. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीमागे ती नाक दाबायची. डॉक्टर नेमके विकायला काढलेली आपली जुनी गाडी सुरू करून कुणाला तरी दाखवत होते. प्रणिता गाडीच्या मागे गेली, उभी राहिली आणि नाकावरचा हात तिने खाली घेतला.

“अप्पा, ह्या गाडीचा धूर टोचत न्हाई.”

डॉक्टर हसले. म्हणाले, “हिच्या पोटात एक जाळी आहे बाळ, पोळ्यासारखी. ती धूर गाळते.” मग ईश्वरप्पांकडे वळून म्हणाले, “ती कुणाला काढू देऊ नका.”

त्याच दिवशी ईश्वरप्पांनी गाडी घेतली. वडवणीत आठवडी बाजाराच्या दिवशी ती शिरली तेव्हा हसून हसून लोकांच्या पिशव्या सांडल्या. “अप्पा, गाडी हाय का घोरपड? बसायचं का सरपटायचं?” ईश्वरप्पाही हसले आणि त्यांनी गाडी पुढे घेतली. शेजारी बसलेली लेक मोकळा श्वास घेत होती, त्यांना तेवढं पुरे होतं.

मित्रांनो, ती पोर माझ्यादेखत वाढली. तिची छाती निवली. ती आईकडून, शिवकांताबाईंकडून, ओव्या शिकली. धान्य निवडताना शिवकांताबाई ओवी धरायच्या आणि प्रणिता ती उचलायची. अंगणात उभ्या गाडीखाली बसून मीही शिकले. पुढे प्रणिता धारूरच्या एका शाळेत बाई झाली. लहानग्यांना ती कविता चालीवर शिकवते. जिला एक वाक्य सलग बोलवत नव्हतं, ती वर्गभर गाते. यात माझा वाटा किती, हे कुणी कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही. चांगलं चाललेलं असताना कशाला बोलायचं?

मग तिचा धाकटा भाऊ केदारनाथ मोठा झाला.

ईश्वरप्पांनी धारूरच्या बाजारात दुसरं छोटं दुकान घातलं आणि ते केदारकडे दिलं. सकाळी अक्काला शाळेत सोडायचं आणि पुढे दुकान उघडायचं, असा नेम ठरला. गाडी त्याच्या हाती आली. एकदा पेट्रोल पंपावर त्याच्या दोस्तांनी गाडीभोवती रिंगण धरलं.

“काय बे केदार, ही स्पोर्ट्स कार हाय का शिलाई मशीन? आवाजच न्हाई!”

“ब्लाउज शिवून देती का बे?”

सगळे खदाखदा हसले. बापाने असली थट्टा सोळा वर्षं हसत पचवली होती. मुलाला ती एक संध्याकाळ पचली नाही. तो तडक अंगदच्या गॅरेजवर गेला.

अंगदचे वाडवडील बालाघाटाच्या उतारावर मेंढरं राखायचे. हा इंजिनं राखायला लागला. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. गाडीखाली शिरून तो म्हणाला, “ही जाळी दम कोंडती गाडीचा. काढून सरळ पाइप टाकू. मग बघ, वाघ डरकतोय.”

“काढ,” केदार म्हणाला.

एवढंच. एका शब्दाचा खेळ. माझे बोल्ट गंजले होते, म्हणून अंगदने हातोडा घातला. मी गरम होते. गरम लोखंडाला घाव जास्त लागतो, हे त्याला माहीत असायला हवं होतं.

“टाकू नको हां,” माझ्याकडे बोट करून अंगद म्हणाला. “पासिंगला गाडी जाईल तेव्हा परत लावावी लागंल. साहेबाला दाखवायपुरती. मग पुन्हा काढू.”

दाखवायपुरती! मित्रांनो, मला मोडून टाकलं असतं तरी मी गप्प पडले असते. पण त्यांनी मला तोंडदेखली करून ठेवली. केदारने मला घरी आणलं, अंगणाशेजारच्या कोठीत ढकललं आणि वर रिकामी बारदानं टाकली. त्या अंधारात मी गार पडले. आयुष्यभर मी तापत होते तेव्हा मला राग म्हणून ठाऊक नव्हता. गार पडल्यावर तो आला. आणि कोठीत पडल्या पडल्या मी माझी स्वतःची ओवी रचली:

*अंधाऱ्या कोठीमंदी, बारदान माझी शाल,*
*ज्यानं केले माझे हाल, त्याची झोप उडू दे.*

माझी ओवी खरी होऊ लागली. गाडीत माझी एक सखी मागे राहिली होती, बोटाएवढी नळी, माझ्यातून निघालेल्या धुराचा वास घेणारी. तिला मी सापडेना. तिने बोंब ठोकली आणि चालकासमोर पिवळा दिवा लागला. केदारने तो विझवायला काय काय केलं! दिवा विझेना. शेवटी अंगदने त्यावर काळी चिकटपट्टी लावून दिली. “आता कुठं हाय दिवा?” म्हणाला. दोघंही हसले. मी म्हटलं, हसा.

गाडी आता डरकाळ्या फोडत होती. गल्लीतली कुत्री मागे लागायची. पेट्रोल जास्त पिऊ लागली. केदार संध्याकाळी डोकं धरून घरी यायचा आणि शिवकांताबाई त्याच्या कपाळाला बाम चोळायच्या. मी खूश. कोठीतून काही काढायला तो अनवाणी शिरला, की माझ्यावर ठेचकाळायचा. त्याच्या अंगठ्याचं नख काळं झालं. मी आणखी खूश. तुम्हाला वाटेल, किती दुष्ट ही डबी. वाटू द्या. ज्याला काढून ठेवलेलं असतं, त्याच्याकडे करायला दुसरं असतं काय?

पण एका सकाळी अंगणात खोकला ऐकू आला. कोरडा, आतून ओढलेला. आणि त्याच्या मागोमाग ती बासरी. मी ती लगेच ओळखली. सोळा वर्षं मी तिला गप्प ठेवलं होतं.

सरळ पाइपचा जोड कच्चा होता. त्यातून गळणारा धूर गाडीच्या तळातून आत शिरत होता. पावसाळ्यामुळे काचा बंद. केदार आपल्या बाजूची काच थोडी खाली करायचा, पण प्रणिताच्या बाजूची कधीचीच अडकलेली. तेलगाव सोडून धारूरचा घाट लागला की गाडी सगळं बळ लावायची आणि ती पोर पदर नाकाशी धरून बसायची. लहानपणी धरायची तशीच.

घरात सगळ्यांना वाटलं, जुनं दुखणं परत आलं. ईश्वरप्पांनी तिला बीडच्या डॉक्टरांना दाखवलं, श्वासाचा पंप आणला. शिवकांताबाईंनी लिंबागणेशच्या गणपतीला नारळ बोलला. गौरी-गणपतीच्या सुट्टीत प्रणिता घरी राहिली, तिचा खोकला उतरला. शाळा सुरू झाली, खोकला परत चढला. आणि तिने ते खापर शाळेवर फोडलं.

“खडूची धूळ बाधती वाटतं मला,” एका दुपारी ओसरीवर ती आईला सांगत होती. “पोरं कविता म्हणतात आन मी नुसत्या टाळ्या वाजवती. बाई का म्हून गात न्हाईत, इचारतात. काय सांगू? दिवाळीनंतर शाळा सोडते, आई.”

शिवकांताबाई सुपातले खडे निवडत राहिल्या. त्या दिवशी त्यांच्या तोंडी ओवी आली नाही. म्हणून मीच म्हटली, बारदानाखाली, कुणाला न ऐकू येणारी:

*दिव्याला लावली पट्टी, दिवा त्यानं झाकला,*
*न्हाई झाकला खोकला, माझ्या लाडक्या लेकीचा.*

आता माझा सूड माझ्या एकटीचा राहिला नाही. नख काळं करून भागणार नव्हतं. मला केदारच्या तोंडून खरं काय ते हवं होतं, सगळ्यांच्या समोर.

कारण त्याला कळलं होतं, मित्रांनो. अंगद एकदा अंगणात गाडी पाहायला आला. गाडीखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावरची थट्टा गेली होती.

“जोड गळतोय बे. सगळा धूर आत येतोय. अक्का रोज ह्याच्यात बसती?”

“हां.”

“मग काय तिला दमा-बिमा न्हाई. हेच हाय. आण ती जाळी, आत्ता बसवतो.”

“दसरा होऊ दे ना. सीमोल्लंघनाला पोरांसंगं गाडी काढायचं ठरलंय. समद्यांना आवाज ऐकवायचाय.”

“मग घरी तरी सांग.”

“येडा हाय का तू? अप्पा गाडी इकून टाकतील.”

अंगदने हात पुसले. जाताना म्हणाला, “तुझी बहीण हाय. माझी असती तर मी पाइप दातानं काढला असता.”

केदार एकटाच गाडीपाशी उभा राहिला. मग कोठीत आला, बारदान उचलून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टाकलं. मी त्याला शाप दिला. खरंच दिला.

खंडेनवमी आली. ईश्वरप्पांच्या घरची एक रीत आहे. त्या दिवशी घरातलं आणि दुकानातलं सगळं लोखंड धुवून पाटावर मांडायचं, कोपऱ्यातलं, मोडकं, काहीही मागे ठेवायचं नाही. ईश्वरप्पा भस्म लावतात. मग घरातल्या धाकट्याने एकेकावर झेंडूचं फूल ठेवायचं आणि त्या वस्तूने आपल्यासाठी काय केलं, ते मोठ्याने बोलायचं. लोखंडापुढे खोटं बोलायचं नाही, हा त्यातला नियम. मुलं लहान असल्यापासून हा खेळ चालत आला होता. ती मोठी झाली तरी तो मोडला नव्हता.

शिवकांताबाई कोठी झाडायला आल्या. बारदानं उचलली. “अगं बाई, हे काय जड पडलंय?” त्यांनी मला ओढत बाहेर आणलं, चिंचेने घासलं, पदराने पुसलं आणि पाटाच्या शेवटच्या टोकाला ठेवलं. मला त्या ओळखत नव्हत्या. कशा ओळखतील? सोळा वर्षं मी त्यांच्या घरी होते, पण गाडीखाली.

केदार आंघोळ करून आला, तेव्हा ईश्वरप्पा माझ्या कपाळावर भस्माची तीन बोटं ओढत होते. केदारचा चेहरा राखेपेक्षा पांढरा झाला. मित्रांनो, ते पाहून मला जे सुख झालं, ते मी लपवणार नाही.

“हे काय हाय रे?” ईश्वरप्पांनी विचारलं.

“भंगार हाय, अप्पा. मी टाकून येतो.”

“आजच्या दिवशी लोखंड टाकतात व्हय? बस खाली. फुलं घे.”

तो बसला. पहिलं फूल तराजूवर. “तराजूनं कुणाला फसवलं न्हाई.”

“फसवलं असंल तर आत्ताच सांग बे,” ईश्वरप्पा म्हणाले आणि स्वतःच हसले.

“विळीनं रोज भाजी चिरून दिली.”

“आन माझं बोट कापलं, ते बी सांग की!” शिवकांताबाई म्हणाल्या.

हसता हसता प्रणिताला ढास लागली. ती भिंतीला टेकली, पंप तोंडाशी नेला. सगळे थांबले. ढास ओसरल्यावर तिने हाताने खूण केली, चालू द्या. पहार, कुऱ्हाड, हातोडा, पान्हे. एकेक फूल पडत होतं आणि केदारचा आवाज बारीक होत होता.

आता तुम्हाला सांगायचं ते इथेच सांगते, कारण पुढे मला बोलायची गरज राहणार नाही. तुम्हीही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. आवाज मोठा हवा, असं तुम्हालाही वाटेल. तेव्हा गाडीखालून काही काढायच्या आधी विचारा, हे कुणासाठी लावलंय? जे मुकाट काम करतं, त्याला बिनकामाचं समजू नका. आणि काढलंच असेल, तर निदान घरात खोकणाऱ्या माणसाला खडूच्या धुळीवर खापर फोडू देऊ नका. माझ्यासारख्या डब्या शाप देतात. त्यांचे शाप भलत्याच छातीत जाऊन बसतात.

केदार माझ्यापाशी आला. तेवढ्यात प्रणिताने मला उचललं आणि मी जड म्हणून मांडीवर टेकवलं. एक डोळा मिटून तिने माझ्यातून दाराबाहेरच्या उजेडाकडे पाहिलं. माझ्या शेकडो भोकांतून ऊन तिच्या गालावर सांडलं.

“पोळ्यावानी हाय गं आतून,” ती हळूच म्हणाली. “केदार, कशाची जाळी रे ही?”

ईश्वरप्पांचा भस्माचा हात वरच्या वर थांबला. जाळी. पोळं. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या लाल गाडीकडे, मग मुलाकडे. बोलायची पाळी त्यांची नव्हती.

मी वाट पाहत होते. बोल. लोखंडापुढं बोल.

केदारने फूल माझ्यावर ठेवलं. खाली मान घालून, अक्काच्या पायांकडे बघत तो म्हणाला,

“अक्का, तुझा दमा परत आलेला न्हाई. गाडीचा धूर तुला टोचू नये म्हणून ही जाळी होती. मी काढली ती. मला म्हाईत होतं, आन मी गप बसलो.”