सावित्राबाईंचा फोटो मी खाली ढकलला

मी एक जुना सर्व्हर आहे. मित्रांनो, सर्व्हर म्हणजे तुमचे फोटो सांभाळणारा आणि मागितले की दाखवणारा संगणक. तळेगावात आदिनाथसाहेबांच्या कचेरीत मी राहतो. त्यांच्या 'घाटकट्टा' या ॲपचे सारे फोटो माझ्या पोटात आहेत.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. अख्खे मावळ फुकटात फोटो टाकू लागले. पावसाळ्यात लोणावळ्याला आलेला एकेक पाहुणा एकाच धबधब्याचे चाळीस चाळीस फोटो टाकी! माणसे वाढली तशी वीज वाढली, यंत्रे वाढली. पैसे मात्र फक्त जाहिरातवाले देत, आणि जाहिरात दिसली की लोक ती अंगठ्याने सरकवत. माझे नाव झाले, साहेबांची झोप उडाली.

लोणावळ्याजवळच्या तुंगार्लीच्या वरच्या वाडीतल्या सावित्राबाई रस्त्याकडेला रानातली करटुली ही पावसाळी भाजी विकत. त्यांची सून बबिता रोज सकाळी टोपलीचा फोटो माझ्याकडे पाठवी. तो पाहून पाहुणे गाडी थांबवत, आणि दुपारपर्यंत टोपली रिकामी होई. घर त्यावरच चाले.

एके दिवशी साहेबांनी हुकूम सोडला, पैसे देणाऱ्यांचे फोटो वर, बाकीचे खाली. मी मुकाट्याने ऐकले. सावित्राबाईंच्या टोपलीवर एका हॉटेलची जाहिरात चढवली. आठवडाभर त्यांची करटुली टोपलीतच पिकून पिवळी पडली. शेवटी त्या कचेरीत आल्या.

"सायेब, आमचा फोटू कुनालाच दिसंना. बबिताचं काय चुकलं का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मग खिडकीबाहेर. "नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल, मावशी."

"व्हय? मंग म्या उगाच तिला लय बोलले." त्यांनी पिशवीतून चार हिरवी करटुली काढून टेबलावर ठेवली. "तुमी येवडं फुकट करता. घरी न्या."

मला तेव्हा बंद पडावेसे वाटले. पण मी निर्लज्जासारखा चालूच राहिलो.

नफा तरीही झाला नाही. लोक अशा टोपल्या पाहायलाच तर येत होते. त्या दिसेनात, तसे ते यायचे थांबले. मग हॉटेलवाल्यानेही जाहिरात काढून घेतली.

मित्रांनो, मला कचेरीतून उठून जाता येत नाही. तुमच्यापैकी कुणी तुंगार्लीला गेलात, तर बबिताला एवढे सांगा, तिचे काहीच चुकले नव्हते, नेटवर्कचेही नाही, फोटो मीच खाली ढकलला होता. आणि हे सावित्राबाईंच्या समोर सांगा.