गुरुवारपर्यंत साठ किलो

अब्बांचं वजन गुरुवारपर्यंत साठ किलोवर आणायचं होतं. पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी तसं बजावूनच त्यांना घरी सोडलं होतं.

महिन्यापूर्वी दुकानात छातीत कळ आली, ती पित्ताची समजून अब्बा संध्याकाळपर्यंत गल्ल्यावर बसून राहिले. तेवढ्या वेळात हृदयाचा एक तुकडा मेला, नेमका ज्याच्या आधारावर आतली झडप मिटते तो. आता झडप अर्धवट उघडीच राहायची, रक्त मागे फिरायचं आणि फुप्फुसांत पाणी साठायचं. छाती उघडून झडप बदलणं या हृदयाला झेपणार नाही, असं मॅडमचं म्हणणं. त्याऐवजी पुढच्या आठवड्यात गुरुवारी जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन झडपेच्या पाकळ्यांना मधोमध चिमटा लावायचा. पण त्यासाठी फुप्फुसं कोरडी हवीत, माणूस सपाट झोपायला हवा. अब्बा तर तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे. म्हणून दिवसाला सगळं मिळून एक लिटर पाणी, लघवीची गोळी आणि रोज सकाळी वजन.

पौडला आमचं तांदळाचं दुकान, मागे घर. त्यामुळे अब्बांचं वजन पोत्यांच्या काट्यावर. मी जांब्याच्या सासरहून चार महिन्यांच्या लेकीला, मन्तशाला, घेऊन माहेरी आले होते. एका हातानं तिला धरायची, दुसऱ्यानं अब्बांना. ते आकडा मला मोठ्यानं वाचायला लावायचे. सोमवारी चौसष्ट होता, शनिवारी एकसष्टवर आला. त्या दिवशी ते दोनच उशांवर झोपले आणि अम्मीनं कितीतरी दिवसांनी केस विंचरले.

रविवार बघायला येणाऱ्यांचा. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. आणलेलं शहाळं पाहुण्याच्या देखत प्यायचं असतं, नाहीतर त्याच्या मनाला लागतं. कोळवणचे कोंडिबाकाका दुपारी आले. तीस वर्षं त्यांचा तांदूळ आमच्याच दुकानात येतो.

"काय ताजू, जन्मभर आमची पोती तोललीस, आता तुझंच पोतं काट्यावर व्हय?"

अब्बा हसले. हसता हसता खोकला आला.

"पी हे. लई कवळं हाय."

"पाणी मोजून आहे रे माझं."

"हे काय पाणी हाय व्हय? औषध हाय. लिटरभरात बैल तरी जगंल का? काय वो वैनी?"

"घ्या की," अम्मी म्हणाली. "भाऊ एवढ्या लांबून आलेत."

मी आतल्या खोलीत होते. रात्रभर किरकिरलेली मन्तशा पिता पिता नुकती झोपली होती. उठले असते तर ती उठली असती. आणि खरं सांगायचं तर, एवढ्यानं काय होतंय, असं मलाही वाटलं. संध्याकाळपर्यंत मी कोयत्याचा आवाज पाच शहाळ्यांवर ऐकला. मधे दोनदा चहाच्या कपबशाही वाजल्या.

सोमवारी सकाळी काट्यावर त्रेसष्ट आले.

"काटा नीट बसला नसेल," अम्मी म्हणाली. अब्बांकडे बोलायलाही श्वास नव्हता. दुपारी ओठ निळसर दिसायला लागले. कोंडिबाकाका तहसीलला आले होते, ते जीप घेऊन धावत आले. पुण्याच्या वाटेवर भूगावच्या ट्रॅफिकच्या कोंडीत अब्बा पुढच्या सीटवर डॅशबोर्डला धरून बसले होते आणि त्यांच्या छातीतली घरघर मागे मला ऐकू येत होती. मन्तशा माझ्या मांडीवर त्या आवाजाकडे कान देऊन गप्प होती.

हॉस्पिटलात नाकातोंडावर मास्क लावला. थोड्या वेळानं मॅडम बाहेर आल्या. आम्ही तिघं, अम्मी, मी आणि कोंडिबाकाका, बाकावर.

"पाणी लिटरभरच दिलं होतं ना?"

"लिटरच," अम्मी म्हणाली. "बाटलीवर खूण करून देते मी."

मॅडमनी मान हलवली. "मग कठीण आहे. एवढं पाळूनही पाणी भरतंय, म्हणजे आता झडपच फाटली असणार. बसवून हृदयाचा इको केला, त्यात झडप स्पष्ट दिसत नाही. थांबता येणार नाही. आजच छाती उघडावी लागेल. धोका मी तुम्हाला आधीच सांगितला होता."

त्यांनी कागद पुढे केला. अम्मी पदराला हात पुसत पेन घ्यायला उठली. तिला खोटं बोलायचं नव्हतं. पाहुण्यासमोर पाहुण्याचं नाव घ्यायचं नव्हतं, एवढंच.

"मॅडम, काल पाच शहाळी झाली," मी म्हणाले. "वर चहा."

"हीना," अम्मी हळूच म्हणाली.

"मी ऐकत होते. मी उठले नाही."

मॅडमनी कागद मागे घेतला. "पाच?"

कोंडिबाकाका उभे राहिले. टोपी काढून हातात धरली. "त्यातली दोन माझी व्हती, बाई. मीच आग्रह केला. तो नगं म्हनत व्हता."

मॅडम कागद घेऊन आत गेल्या. ऑपरेशन थांबवलं. शिरेतून औषधं देऊन दोन दिवसांत अब्बांच्या अंगातलं चार लिटर पाणी काढलं. मग सपाट झोपवून इको झाला. झडप फाटलेली नव्हती. शनिवारी चिमटा बसला. गळती बरीच कमी झाली, पण मेलेला तुकडा काही परत येत नाही. "वर्ष, दोन वर्षं," मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "त्यापुढचं मी सांगू शकत नाही."

अम्मी माझ्याशी बोलत नव्हती. मन्तशाला मात्र ती मांडीवर घ्यायची, दूध पाजायला माझ्याकडे द्यायची आणि तोंड फिरवून बसायची. कोंडिबाकाका त्या सोमवारनंतर आले नाहीत. फोनही उचलत नव्हते.

रविवारी मला आत सोडलं. अब्बा एका उशीवर होते, डोळे उघडे.

"कोंडिबा दिसला नाही," ते म्हणाले. आवाज कागदासारखा पातळ. "त्याला कुणी काही बोललं नाही ना?"

"मी शहाळ्यांचं बोलले, अब्बा. सगळ्यांसमोर."

त्यांनी डोळे मिटले आणि कूस बदलून तोंड भिंतीकडे वळवलं. नर्सनं वेळ झाल्याचं सांगितलं, तरी मी त्यांच्या पाठीचं वरखाली होणं बघत उभी होते.