हवालदाराला सोबत

माझ्या दुकानात कोणी मासा मागितला की मी आधी विचारतो, घरच्या टाकीत कोण आहे? लोकांना याचा राग येतो. मासा घ्यायला आलो की जबाब द्यायला, असं त्यांना वाटतं. वाटू दे. भांडकुदळ माशाबरोबर लांब शेपटीचा मासा मागणाऱ्याला मी सरळ हाकलतो, कारण ती शेपटी दुसऱ्या दिवशी शिल्लक राहत नाही. तोंडात मावेल तो सोबती नव्हे, जेवण. हे सगळं मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. दुकान मूळचं त्यांचंच. मी त्यांच्याकडे कामाला आधी लागलो आणि जावई नंतर झालो. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला, विशेषतः मी चुकलो की, जावईबापू म्हणतात.

सासूबाई गेल्यावर मामांनी स्वतःसाठी एकच मासा ठेवला होता. तळहाताएवढा, काळानिळा, अंगभर चमकते ठिपके. दिवसभर काचेला लागून गस्त घालायचा म्हणून त्याचं नाव हवालदार. ऐन भरात असताना त्याने स्वतःची मादी मारली, मग सोबत म्हणून सोडलेले आणखी तिघे मारले, आणि तेव्हापासून तो एकटाच होता. नऊ वर्षांचा झाला होता. त्याची टाकी मामांच्या खाटेशेजारी असायची. मामा उठले की आधी त्याला खायला घालायचे आणि मग स्वतः चहा घ्यायचे.

मामा न्हाणीघरात दोनदा पडले. बायको दिवसभर ऑफिसात, मी दुकानात. वृद्धाश्रमाचा विषय काढला तेव्हा मामांनी आकांडतांडव केलं नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "हवालदाराचं काय?"

तिथे खोलीत टाकी ठेवायला परवानगी नव्हती. पण खाली बैठकीच्या हॉलमध्ये पाच फुटी टाकी होती आणि तिची देखभाल मीच करायचो. "तिथे ठेवू," मी म्हणालो. "तुम्हाला रोज दिसेल. जबाबदारी माझी." माझ्या त्या शब्दावर मामा आश्रमात गेले. दुसऱ्या कशावरही गेले नसते.

त्या टाकीत आधी झुंडीने फिरणारे चिमुकले मासे होते. ते हवालदाराच्या नाश्त्याला गेले असते म्हणून मी ते दुकानात परत आणले. एवढ्या मोठ्या टाकीत एकटा मासा ठेवायला आश्रमाच्या संचालिकाबाई तयार होईनात. भेटायला येणाऱ्यांना टाकी भरलेली दिसली पाहिजे म्हणाल्या.

"मग वरच्या पाण्यात पळणारे चपळ दे सात-आठ," मामांनी सांगितलं. "याच्या वाटेला न जाणारे. आणि मध्ये घालायला एक काच तयार ठेव."

मला ते पटलं नाही. हवालदार त्यांना एकेक करून संपवणार आणि मेलेले मासे काढायला मी हेलपाटे मारणार. त्याच्यापुढे टिकेल असं कोणीतरी हवं होतं. मी दोन पट्टेरी निवडले. बोटाएवढेच, पण चिवट. अंगावर कैद्याच्या कपड्यांसारखे काळे-पांढरे पट्टे.

मामा हसले. "हवालदाराच्या कोठडीत दोन कैदी. ठीक आहे. पण जोडी नको हं, जावईबापू. अंडी घातली की ते कोणाला जवळ येऊ देत नाहीत. मग अख्खी टाकी त्यांची."

"दोन्ही नर आहेत, मामा."

दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असताना, जाळीतल्या जाळीत बघून मी ते ठरवलं होतं.

बाकी सगळं नियमाने केलं. दांडगट माशाच्या टाकीत नवे मासे सोडायचे तर आधी त्याला बाहेर काढायचं, दगड इकडचे तिकडे करायचे, नव्यांना जागा घेऊ द्यायची आणि त्याला सर्वात शेवटी सोडायचं. त्याची मालकी मोडते. त्याप्रमाणे मी पट्टेरी चार दिवस आधी सोडले आणि मग हवालदाराला. मोडायला त्या टाकीत त्याची मालकी मुळात नव्हतीच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी सहा वर्षांपूर्वीच्या हवालदाराचा बंदोबस्त करत होतो. पाण्यात उतरला तो म्हातारा मासा.

पाचव्या दिवशी मामांचा फोन आला. "एकाच्या पोटावर नारिंगी डाग आहे."

"उजेडामुळे वाटत असेल."

"नारिंगी मादीलाच येतो. मीच शिकवलंय तुला."

"मामा, तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे, मग बघू," मी म्हणालो. नवा माल आला होता, पिशव्या फोडायच्या होत्या. पण खरं कारण ते नव्हतं. इतकी वर्षं दुकान मी चालवतोय आणि अजून हे माझ्या चुका काढतात, याने माझं डोकं फिरलं होतं.

नवव्या दिवशी पुन्हा फोन. "कुंडीच्या तुकड्याखाली अंडी घातलीत. हवालदार फिल्टरच्या पाइपमागे उभा आहे. शेपटी कुरतडलीय, खायला पुढे येत नाही. त्याला बाहेर काढ."

"रुळेल हो."

"तो नाही रुळणार. तू ये."

"गुरुवारी येतो," असं सांगून मी वेळ मारून नेली. गुरुवारी गेलो नाही.

पुढचं मला तिथल्या सेविकेने सांगितलं. मामा सकाळपासून टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. जोडी हवालदारावर धावली की काठीने काचेवर टकटक करायचे. टीव्ही बघणाऱ्यांनी तक्रार केली. मग मामा हॉलमध्ये बसले की आश्रमातले लोक त्यांची काठी काढून घ्यायला लागले. शनिवारी सगळे जेवायला गेले तेव्हा मामांनी स्वयंपाकघरातून प्लास्टिकचा एक मोठा ट्रे आणला, स्टुलावर चढले आणि तो ट्रे टाकीत जोडी आणि हवालदार यांच्या मध्ये आडवा बसवला. उतरताना पडले. खुबा मोडला.

शनिवार-रविवार मी हॉस्पिटलमध्येच होतो. ऑपरेशनच्या आधी मामा ग्लानीत ट्रे, ट्रे म्हणत होते. बायकोने मला सांगितलं, "बाबा कसल्या ट्रेबद्दल बोलतायत, बघ ना जरा." मी औषधांची चिठ्ठी घेऊन खाली पळालो. मनावर घेतलं नाही.

ऑपरेशन रविवारी रात्री झालं. सोमवारी सकाळी मी आश्रमात गेलो. ट्रे स्वयंपाकघरात धुऊन ठेवलेला होता. रविवारी भेटायला येणारे असतात, टाकी विचित्र दिसत होती, म्हणून काढला, असं संचालिकाबाई म्हणाल्या. त्यांच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काढू नका हे त्यांना कोण सांगणार होतं? ज्याने सांगायचं तो मी होतो.

हवालदार पाइपखाली आडवा पडला होता. शेपटीचा नुसता दांडा राहिला होता, एक डोळा नव्हता. ट्रेच्या आडोशाला त्याला एक दिवस मिळाला असेल, फार तर दीड. टाकीच्या दुसऱ्या टोकाला कुंडीच्या तुकड्यापाशी पिल्लं तरंगत होती आणि आईबाप त्यांच्याभोवती फिरत होते. मादीचं पोट चांगलं नारिंगी होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं. मी जाळीने हवालदाराला उचललं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि आश्रमाच्या कुंपणाशी पुरलं. मला रडू आलं, आणि त्याची लाजही वाटली.

दुपारी हॉस्पिटलमध्ये मामा शुद्धीवर होते. चेहरा पार उतरला होता. मी बसताच त्यांनी विचारलं, "जोडीच होती ना?"

"हो, मामा. माझं चुकलं."

ते जावईबापू म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

"ट्रे घट्ट बसलाय," ते हळूहळू म्हणाले. "पलीकडून येता येणार नाही त्यांना. पण तू आज काढ त्याला."

खाटेच्या पलीकडे बायको उभी होती. हवालदार मेल्याचं मी तिला जिन्यातूनच फोन करून सांगितलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"काढतो," मी म्हणालो. "संध्याकाळीच."

"आणि एकटा ठेव. आता सोबत नको त्याला."

"सोबत नाही ठेवत."

मामांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने श्वास संथ झाला. बायकोने त्यांचं पांघरूण नीट केलं आणि मला खुणेने बाहेर बोलावलं.

"बाबांना आता घरीच न्यायचं. तिथे काय दाखवणार आहेस त्यांना?" तिने विचारलं.

दुकानात मागच्या टाकीत तसाच एक नर होता, त्याच आकाराचा, तसेच ठिपके. मामांना अजून नीट दिसत नाही, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो.