न लावलेली हळद

वैजिनाथ आप्पांच्या युद्ध संग्रहालयात एकूण एकसष्ट वस्तू होत्या. सतरा सप्टेंबरच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत शिवांजलीने त्यातल्या साठ वस्तूंच्या पाट्या लिहून हातावेगळ्या केल्या. राहिला तो एकच, मधोमध सिमेंटच्या ओट्यावर उभा केलेला तोफगोळा.

संग्रहालय म्हणजे चौसाळ्याच्या अलीकडे, हमरस्त्यालगत असलेलं घरचं जुनं आडतीचं गोदाम. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, आणि इतक्या वर्षांनंतरही कोपऱ्यातून येणारा करडईचा वास. तोफखान्यात पंधरा वर्षं काढून आप्पा बावीस वर्षांपूर्वी परत आले आणि मिळेल ते इथे आणून मांडत गेले. रझाकारांच्या वेळची भरमार बंदूक, कुणा सत्याग्रहीने तुरुंगातून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा वाडगा, मूठ फिरवायचा टेलिफोन, भोक पडलेलं हेल्मेट. दाराशी पूर्ण गणवेशातला जवान उभा होता. तो मूळचा साडीच्या दुकानातला पुतळा, त्यामुळे मिशा रंगवूनही त्याची कंबर लपत नव्हती. शाळेची पोरं त्याला 'जवानबाई' म्हणत.

शिवांजली आप्पांच्या धाकट्या भावाची मुलगी. रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन जूनमध्ये घरी आली होती आणि नोकरीचे अर्ज धाडून वाट बघत होती. "बसून काय करतीस? पाट्या लिही," आप्पा म्हणाले, आणि तिने ते काम प्रयोगवहीसारखं हाती घेतलं. लांबी, वजन, धातू, कुठून आलं, कुणी दिलं. जिथे खात्री नाही तिथे 'माहीत नाही'.

"अगं, 'माहीत न्हाई' वाचाया लोक येत्यात व्हय?" आप्पा वैतागून म्हणाले.

"खोटं वाचायला येतात का मग?"

"वकील व्हायचं हुतं तू." पण ते हसले.

तिने गोळ्याला टेप लावला. उंची सेहेचाळीस सेंटिमीटर, बुडाशी व्यास साडेअकरा. अंग लोखंडी, डोक्यावर पितळी टोपण. टोपण जिथे लोखंडाला भिडतं तिथे, गळ्याभोवती, सुतासारखी बारीक पिवळी रेघ होती. तिने वहीत लिहिलं : हळदीचे डाग.

"हा कुठून आला, आप्पा?"

"नांदूरघाटाकडं विहीर खांदताना निघाला. समदं गाव पळालतं. मी एकटा बसलतो त्याच्यापाशी. टोपण फिरवलं, आतली बारूद काढली, ह्या हातांनी," आणि त्यांनी डब्यातून डाळ ओतावी तसा हात केला.

ही गोष्ट गावात लेकराबाळांना पाठ होती. आप्पा फौजेत निघाले तेव्हा पारावर लोक म्हणाले होते, वाण्याचं पोर तराजू सोडून तोफ उचलणार व्हय? त्या हसणाऱ्यांच्या तोंडात या गोळ्याने चपराक मारली होती. गेली सहा वर्षं खंडेनवमीला गावातला मोठा माणूस या गोळ्याच्या टोपणावर नारळ फोडत आला होता. यंदा सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनालाच मोठा कार्यक्रम ठरला. माजी सभापती गहिनीनाथभाऊ सकाळी दहाला नारळ फोडणार होते, शाळेची एकशे बारा मुलं बघायला येणार होती. भाऊंनी गोळ्यावर उजेड सोडायला दोन फोकस दिवे भेट दिले होते. ते तीन दिवसांपासून जळत होते आणि जवळ उभं राहिलं की कपाळ तापत होतं.

जेवायला ती आप्पांच्याच घरी थांबली. आप्पांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ज्वारीच कडू निगाली औंदा."

"ज्वारीला कावून नावं ठेवता?" शांतादेवी, म्हणजे आप्पांची बायको आणि शिवांजलीची मोठीआई, चुलीपाशी बसून बोलली. "पंधरा दिस झालं, थापीन ते कडूच म्हनता. त्वांडालाच चव ऱ्हायली नसंल तुमच्या."

शिवांजलीने भाकरीची कड तोडून चघळली. कडूच होती. आतला भाग चाखला, तो गोड. जिथे थापताना बोटं टेकतात तिथेच कडवटपणा होता.

तिने मोठीआईच्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताची चारही बोटं पिवळी होती, नखांच्या मुळापर्यंत.

"निगतच न्हाई गं," मोठीआई म्हणाली. "साबन लावून लावून हात सोलले. लई चिवट हळद हाय ही."

शिवांजलीचा घास तोंडातच राहिला. हळदीला साबण लागला की ती लाल होते. कपड्यावरचा वरणाचा डाग धुतलेल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं, मोठीआईलाही होतं. पण रोजची सवय झालेली गोष्ट कोण तपासून बघतं?

तिने आप्पांच्या चंचीतून चुन्याची डबी घेतली. मोठीआईच्या बोटावर ओला चुना चोळला. पिवळं पिवळंच राहिलं. मग मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद स्वतःच्या बोटाला लावली, तोच चुना चोळला. बोट क्षणात कुंकवासारखं लाल झालं.

"हे काय पोरखेळ चाललेत जेवताना?" आप्पा म्हणाले.

"मोठीआई, गोळ्याला तू रोज हळद लावतेस ना?"

"गोळ्याला? छ्या. ओल्या फडक्यानं पुसते आन भस्माचे तीन पट्टे वढते. हळद मी कधीच लावली न्हाई त्याला."

बाहेर रस्त्यावरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला. शिवांजलीने चुन्याची डबी बंद केली.

"आज पुसलास?"

"तीन दिस झालं, न्हाई. त्या दिव्यांच्या वायरा आडव्या आल्यात. भ्या वाटतं, शाक लागंल म्हनून."

जुन्या काळी काही तोफगोळ्यांत एक पिवळं आम्ल भरत. ते इतकं कडू की त्याला नावच कडूपणावरून पडलं. कातडीला लागलं की डाग पडतो आणि धुऊन जात नाही. ओलं असेपर्यंत ते शांत असतं. वाळलं, आणि धातू खाऊन त्याचे क्षार झाले, की त्याला साधं घासणंही सोसत नाही. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, चार गुणांसाठी. आता ते सगळं एकापाठोपाठ एक जागेवर बसत गेलं. सहा नारळांनी टोपण ढिलं केलं असणार. पावसाळ्याच्या दमटपणात आतलं बाहेर पाझरलं. मोठीआईच्या फडक्याने ते रोज ओलं ठेवलं. आणि आता तीन दिवस फोकस.

तिने आप्पांना अंगणात गाठलं.

"आप्पा, तुम्ही बारूद काढली तेव्हा तिचा रंग कोणता होता?"

"काळा. बारूद काळीच आसती की."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्या वळवण्यातच तिला उत्तर मिळालं.

"आप्पा, तो भरलेला आहे."

"वाण्याच्या पोरीला तोफगोळ्यातलं काय कळतं?" ते फटकन म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर आपलेच शब्द ओळखीचे वाटावेत तसे गप्प झाले. "उद्याचा कार्यक्रम हुईल. किल्ली माझ्याकडं हाय."

गोदामाला कुलूप लागायच्या आधी तिने फोकसच्या पिना तेवढ्या काढून ठेवल्या. ठाण्यात फोन लावला. तिकडच्या हवालदाराने नीट ऐकून घेतलं. बॉम्बनाशक पथक बाहेरच्या जिल्ह्यातून बोलवावं लागतं, सकाळी कळवतो, तोवर कुणी हात लावू नका, म्हणाला. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "दादाला तूच समजाव. मी बोललो तर म्हनंल, धाकट्याला माझा मान बघवना."

सकाळी ठाण्याच्या फोनची वाट बघून ती पोहोचली तेव्हा दहा वाजत आले होते, गोदाम उघडं होतं आणि दोन्ही फोकस चालू होते. फोटो चांगले यावेत म्हणून कुणीतरी सहालाच लावले होते. गळ्याभोवतीची रेघ आता रेघ राहिली नव्हती. तिथे बारीक, कोरडे, चमकते कण आले होते, खडीसाखरेच्या भुग्यासारखे. तिने भिंतीकडचं बटण बंद केलं आणि पावलं न वाजवता मागे सरकली.

बरोबर दहाला मुलं रांगेने आत आली. त्यांच्या शिक्षिका वनमालाबाई दाराशी उभ्या राहून त्यांना मोजत होत्या. पोरांनी जवानबाईला सलाम ठोकले, टेलिफोनची मूठ फिरवली, आणि शेवटी सगळी ओट्याभोवती दाटली. गहिनीनाथभाऊ फेटा बांधून आले. कुणीतरी त्यांच्या हातात सोललेला, शेंडी राखलेला नारळ दिला.

"थांबा भाऊ," शिवांजली पुढे झाली. "गोळा भरलेला आहे. नारळ बाहेर दगडावर फोडा. मुलांना आधी बाहेर काढा."

"कोन, राजेश्वरची पोरगी व्हय?" भाऊ हसले. "अगं, सहा वर्सं ह्याच्यावरच फुटतोय नारळ. उडायचा आसता तर पयल्याच नारळाला उडला आसता."

"सहा वेळा झालं नाही म्हणून सातव्यांदा होणार नाही, असं नसतं भाऊ. तेव्हा हे पिवळं नव्हतं."

"आन आप्पांनी रिकामा केलाय की तो. काय आप्पा? सांगा हिला."

सगळ्यांच्या माना आप्पांकडे वळल्या. आप्पा छातीवर तीन पदकं लावून उभे होते. त्यांनी शिवांजलीकडे पाहिलं, मग ओट्याला टेकून उभ्या असलेल्या पहिल्या रांगेकडे. घसा दोनदा खाकरला.

"मी न्हाई केला रिकामा," ते म्हणाले.

"आं?"

"मी तोफखान्यात हुतो, हे खरं. पन तोफेला कधी हात लावला न्हाई. ऑफिसात कारकून हुतो. पंधरा वर्सं रजेचे अर्ज टाइप केले. हा गोळा भंगारवाल्याकडनं आनलाय. रिकामा हाय, आसं त्यो म्हनला. मी मानलं."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "वानी हाय बे, नारळ वाचवायलाय!" आणि गोदाम हसण्याने दणाणलं. मुलंही हसली, मोठी हसतात म्हणून. बावीस वर्षं आप्पांचं खोटं कुणी तपासलं नव्हतं. खरं मात्र पहिल्याच दिवशी कुणाला पटेना.

"पोरीनं भ्या घातलं म्हाताऱ्याला," भाऊ डोळे पुसत म्हणाले. "चला, उशीर व्हायला. भारतमाता की..."

'जय' झाला. नारळ वर गेला.

आप्पांनी एक पाऊल टाकलं आणि उजवा पंजा टोपणावर घट्ट ठेवला.

"फोड गहिनीनाथ. माझ्या हातावर फोड."

भाऊंचा हात वरच राहिला. आप्पांच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो भाऊंना अगदी जवळून दिसत होता. फौजेच्या गोष्टी सांगतानाचा तो चेहरा नव्हता. नारळ हळूहळू खाली आला.

"बाई," भाऊ मागे न बघता, खालच्या आवाजात म्हणाले, "पोरं बाहीर घ्या."

वनमालाबाईंनी शिट्टी वाजवली. "पळायचं नाही! चालायचं! रस्त्यापलीकडे, शाळेच्या मैदानात!" एकशे बारा जोड्या पायांचा आवाज फरशीवरून दाराकडे गेला. मागोमाग मोठी माणसं गेली, ती मात्र पळतच. भाऊंचा फेटा दारात सुटला तो त्यांनी उचलला नाही.

शिवांजलीने रस्त्यापर्यंत जाऊन मुलं पलीकडे गेल्याची खात्री केली, ठाण्यात पुन्हा फोन लावला. मोठीआईला दोन बायांनी धरून ठेवलं होतं. आप्पा बाहेर आले नव्हते.

ती दाराशी आली. ते तसेच उभे होते, हात टोपणावर, मान खाली.

"आप्पा, या ना आता. झालं."

"आत येऊ नको." त्यांचा आवाज अगदी बारीक होता. "हात ठिवला तवा टोपन फिरलं. उलीसं. आत वाळू कचकन् दाताखाली यावी, तसं झालं. आता उचलला तर ते परत फिरंल."

मग बाहेर जाऊन तिने पाण्याचा हंडा आणि तांब्या आणला. पत्रे तापायला लागले होते. ती भिंतीच्या कडेकडेने, एकेक पाऊल मोजत ओट्यापाशी गेली आणि आप्पांच्या बोटांवरून धार सोडली, दोऱ्याएवढी बारीक. पाणी बोटांच्या फटींतून गळ्याशी उतरलं, पिवळं होऊन ओट्यावर आलं.

"जा म्हनलं न्हवं? तुझ्या बापाला काय त्वांड दाखवू मी?"

"हात हलवू नका, आप्पा. बोलूही नका."

फोन वाजला. तिने तो फरशीवर ठेवून आवाज मोठा केला. पथकाचा अधिकारी होता, गाडीतूनच बोलत होता. पाणी चालेल म्हणाला, पण अगदी हळू. हात अजिबात उचलायचा नाही.

"किती वेळ लागेल, सर?"

"अडीच तास. रस्ता मोकळा असला तर. इमारतीत आत किती माणसं आहेत?"

"दोन."

"एक करा. तुम्ही बाहेर व्हा."

आप्पांनी मान तेवढी हलवली, 'ऐकलंस न्हवं?' असं विचारल्यासारखी.

शिवांजलीने टोपणाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांदेखत आप्पांच्या अंगठ्याखालची कड कोरडी होत चालली होती. पत्र्यावरचं ऊन अजून डोक्यावर यायचं होतं.

"सर, एकाला हात उचलता येत नाही," ती म्हणाली, "आणि दुसऱ्याने पाणी घातलं नाही तर ते दहा मिनिटांत वाळतं. दोनच राहतील."

पलीकडे त्याने ड्रायव्हरला गाडी जोरात घ्यायला सांगितलं. मग तो म्हणाला, "ठीक आहे. मोबाईल चालू ठेवा."

तिने हंड्यात डोकावून पाहिलं. तो अर्ध्याच्या थोडा खाली होता. दहा मिनिटांना एक तांब्या, म्हणजे अडीच तासांना पंधरा. हंड्यात फार तर बारा होते. मघाशी बाहेर पळालेल्यांपैकी कुणाला तरी दुसरा हंडा घेऊन आत यावं लागणार होतं.

तिने दाराकडे पाहिलं आणि हाक मारायला तोंड उघडलं.