रूपाचा डावा पाय

झिपरूआबाला खोटं बोलायची सवय नव्हती, पण गेले दोन दिवस तो नेटानं बोलत होता. रूपा घोडी घसरून पडली, असं त्यानं बायकोला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आणि आता दोंडाईच्याहून आलेल्या डॉक्टर प्राचीलाही तेच सांगून मोकळा झाला.

खरा प्रकार वेगळा होता. त्याची बायको कलाबाई लेकीकडे दीपनगरला गेली होती. जाताना बजावून गेली, घोडीला नाल ठोकायची तर घोड्यांच्याच नालबंदाकडे न्या. घोडी तिची. आई मेलेलं शिंगरू तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, आणि आता आसपासच्या गावांतले नवरदेव त्याच रूपावर बसून मिरवायचे. पण आबाला दोंडाईच्याला जायचा कंटाळा आला. गावातला छगन बैलांना नाल ठोकायचा. त्यानं बैल पाडतात तसं रूपाला दोरानं पाडलं, चारी पाय बांधले आणि फरशीवर डाव्या कुशीवर तासभर ठेवलं. मध्ये दोघांनी निवांत चहाही घेतला. सोडल्यावर घोडी उठली ती तीन पायांवर.

पुढच्या डाव्या पायाचा कोपर खाली लोंबत होता, गुडघा वाकलेला, खूर टोकावर टेकलेला. पाऊल टाकायला गेली की ते टोक जमिनीवर घासायचं. प्राचीनं बराच वेळ चाचपून पाहिलं.

"आबा, घसरून आपटली असेल तर वरचं हाड मोडल्याची भीती आहे. ते मांसात खोल असतं, हाताला नीट लागत नाही. मोडलं असेल तर तिला वाचवणं कठीण. नुसती नस दबली असेल तर करून बघण्यासारखी एक परीक्षा आहे, पण त्यात सगळा भार याच पायावर टाकावा लागतो. मोडक्या हाडावर ती केली तर आपणच तिला मारू. नीट आठवून सांगा, पडल्यावर ती लगेच उठली?"

कलाबाई घोडीच्या मानेवर हात ठेवून उभी होती. तिच्यासमोर हे कबूल करायचं म्हणजे आबाच्या जिवावर आलं. पण रूपाकडे पाहिलं आणि त्याला राहवेना.

"ती पडनी नही, ताई. आम्हीच पाडी तिले, छगननी अन् मी. तासभर बांधीसन ठेवी व्हती, डावी कुशीवर."

कलाबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. प्राचीचा चेहरा मात्र जरा सैलावला. तिनं खूर सपाट टेकवला, आबाला खाली बसवून गुडघा पुढून दोन्ही हातांनी मागे दाबून धरायला लावला, आणि घोडीचा पुढचा उजवा पाय अलगद उचलला.

सगळा भार डाव्या पायावर आला. आबानं डोळे मिटून घेतले. रूपा उभी राहिली, अगदी शांत, कान हलवत.

"हाड शाबूत दिसतंय," प्राची म्हणाली. "तासभर अंगाखाली राहून नस दबलीय. खात्री देत नाही, पण आशा आहे. पट्टी बांधून देते. महिना-दोन महिने लागतील, आणि तोवर पाण्यापर्यंत नेलं तरी प्रत्येक पावलाला कुणीतरी खूर उचलून सपाट ठेवायचा. आबा, सोडा आता."

आबाला सोडवेना. गुडघा धरून तो तसाच बसला होता आणि चारचौघांत ढसाढसा रडत होता.

"ताई, खूर हेच उचलतीन," कलाबाई आबाकडे बोट दाखवत म्हणाली. "दुसरा कोनलेच मी तिना पायले हात लावू देवाव नही."